वर थोडी कोथिंबीर

घासाघीस करणं मी सोडलं ते दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये, एका टेबलापायी.

शनिवारची सकाळ होती. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे गराज सेल लागला होता, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची दारातच मांडलेली विक्री. नऊच वाजले होते, तरी ह्यूस्टनकडचा तो चिकट उकाडा अंगाला लागायला सुरुवात झाली होती. माझी पंधरा वर्षांची मुलगी बरोबर होती, कारण टेबल तिच्यासाठीच हवं होतं, अभ्यासाला. चांगलं लाकडी, तीन खणांचं. चिठ्ठी चाळीस डॉलरची. मी पंधरा म्हटलं. घरमालकीण हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग मी मधला खण ओढून दाखवला, तो अडकत होता. एक पाय डुगडुगतोय का ते हलवून बघितलं. "छान आहे हो, पण नको," असं तिच्या भाषेत सांगून पाठ फिरवली आणि गाडीकडे चालू लागले. चौथ्या पावलाला मागून हाक आली, "ओके, ट्वेंटी!"

चाळीसचं टेबल वीसला! मी जग जिंकल्यासारखी गाडीपाशी आले, तर पोरगी मघाशीच सटकून आत जाऊन बसलेली. बसलेली कसली, सीटवरून घसरून खाली पाय ठेवायच्या जागेत दडलेली. ती बाई तिच्या वर्गातल्या मुलीची आई निघाली. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. आमच्या गराजचं दार वर जात असताना म्हणाली, "मॉम, यू आर सो चीप. माझ्यासमोर परत असं करू नको. प्लीज."

चिडून म्हणाली असती तर मी चार शब्द सुनावले असते. मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण ती रडत होती हो. रडणाऱ्या पोरीशी काय वाद घालणार? टेबल मात्र तिनं कॉलेजला जाईपर्यंत वापरलं, हेही सांगून ठेवते.

तेव्हापासून तिच्यासमोर मी भाव केला नाही. गाडी घेताना नाही, गालिचा घेताना नाही. सांगतील ती किंमत, मुकाट्यानं. माझ्या नवऱ्याला, तो तेल कंपनीत इंजिनिअर, वाटलं की बायको सुधारली.

आता जरा मागचं सांगायला हवं. मुलीचा जन्म पुण्याचा. सहा वर्षांची होईपर्यंत रोज संध्याकाळी माझं बोट धरून ती मंडईत यायची. भाव करणं ही आमच्याकडे विद्या होती, माझ्या आईनं मला दिलेली. पहिलं म्हणजे, आवडलेल्या वस्तूकडे बघायचंच नाही, शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. दुसरं, आपला आकडा बोलून झाला की गप्प बसायचं. जो आधी बोलला तो बुडाला. आणि तिसरं, पाठ फिरवून चालू लागायचं. सात पावलं मोजायची आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. वळलं की भाव गेला. हाक आली तर आपण जिंकलो. नाही आली, तर त्याला खरंच परवडत नाही असं समजून पुढच्या गाळ्यावर जायचं. पोरीला हा खेळच वाटायचा. ती माझ्याबरोबर मोठ्यानं पावलं मोजायला लागायची आणि मला तिचं तोंड दाबावं लागायचं.

तिचं स्वतःचं असं एक कामही होतं. भाजी पिशवीत पडली, पैसे दिले, की पुढे होऊन इवलासा तळहात पसरायचा आणि म्हणायचं, "मावशी, वर थोडी कोथिंबीर?" कुठल्या भाजीवालीची टाप आहे नाही म्हणायची! दोन काड्यांच्या जागी मूठभर मिळायची, वर एखादी हिरवी मिरची. मग आम्ही अमेरिकेत आलो. इथे कोथिंबीर डॉलरला तीन जुड्या, आणि पावतीवर तिची वेगळी ओळ.

दोन हजार सहामध्ये पोरगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. चिनी भाषा घेतली होती, आणि ऑगस्टमध्ये एका सेमिस्टरसाठी बीजिंगला गेली. तिथे तिची राहायची सोय एका बाईकडे झाली होती. बाई साठीची, एकटी, कापड गिरणीतून रिटायर झालेली. तिचा मुलगा कुठेतरी लांब दक्षिणेत नोकरीला, वर्षातून एकदा त्यांच्या नव्या वर्षाला घरी येणारा. माझी मुलगी तिला तिथल्या रिवाजाप्रमाणे मावशी म्हणायची. मी मात्र नवऱ्याशी बोलताना 'ती बाई' म्हणायचे.

दर शनिवारी संध्याकाळी आमचा फोन. तिथे तेव्हा रविवारची सकाळ असायची. मी विचारायचे, जेवलीस का, स्वेटर घालतेस का. ती सांगायची मावशीचं. मावशी सकाळी बागेत व्यायामाला नेते. मावशीनं केस कापून दिले. मावशीबरोबर बसून मी सारण भरून पन्नास डम्पलिंग केली, आणि मावशी म्हणाली की माझ्या घड्या आता तिच्यासारख्या पडतात. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. गणपतीत मी एकटी एकवीस मोदक वळायचे, तेव्हा हिला म्हटलं की ये, एक तरी कळी पाडून बघ, तर हिला होमवर्क! आणि तिथे बसून पन्नास!

नवरा म्हणाला, "अगं, सेमिस्टरला गेलीये, सासरी नाही गेली." त्याला काय कळणार? नवऱ्यानं सवत आणली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. लेकीनं सवत-आई आणली, आता कोणाशी भांडू? मत्सर वाईट असतो वगैरे मला सगळं ठाऊक आहे. होत होता, त्याला काय करणार.

आणि मग सप्टेंबरच्या शेवटी तो फोन. "आई, यू वोन्ट बिलीव! मावशीनं मला बार्गेनिंग शिकवलं. इट्स सो कूल! इथल्या मार्केटमध्ये ते फाइव्ह हंड्रेड युआन सांगतात आणि मी सिक्स्टीला घेते. आणि ट्रिक काय माहितीये? यू जस्ट वॉक अवे! मागे बघायचंच नाही. दे कॉल यू बॅक!"

मी रिसीव्हर कानाला लावून उभी. अगं बाई! जगात हे त्या बाईलाच पहिल्यांदा सुचलं का? मी केलं तर चीप, आणि तिनं केलं तर कूल!

"अरे वा," मी म्हटलं. तेवढंच जमलं.

ऑक्टोबरमध्ये खरा घाव बसला. म्हणाली, "मला अजून एक सेमिस्टर राहायचंय. जूनपर्यंत."

"डिसेंबरात परत यायचं ठरलंय," मी म्हटलं.

"जून, आई."

"मार्च."

"सेमिस्टर मार्चला संपत नाही. जून."

मी गप्प बसले. नियम क्रमांक दोन. पलीकडून तीही गप्प. पुरतं एक मिनिट कोणी बोललं नाही. शेवटी दुसऱ्या फोनवर ऐकत असलेला नवरा घाबरून बोलला, "बरं, असं करू, आईच तिकडे येऊन बघून जाईल." बुडालाच तो. आणि अशी मी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बीजिंगला निघाले, सांगायला भेटायला, पण खरं तर तिचं परत येणं पक्कं करायला. पोरगी डिसेंबरात घरी येणार की जूनपर्यंत त्या बाईची होऊन राहणार, एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता.

ती बाई वाईट असती तर किती सोपं झालं असतं! बुटकी, ठसठशीत, हसरी. विमानतळावर तिनं माझी बॅग माझ्या हातातून ओढूनच घेतली. मी शाकाहारी म्हणून वेगळी कढई काढून ठेवलेली. आमची भाषा एकमेकींना येत नव्हती, मध्ये माझी मुलगी. ती चिनी बोलायला लागली की तिचा आवाजच बदलायचा, चढा आणि धीट व्हायचा. जेवताना त्या दोघी कशावरून तरी हसायच्या, आणि मग मुलगी माझ्याकडे वळून म्हणायची, "काही नाही, आई, इट्स हार्ड टू ट्रान्सलेट."

तिसऱ्या दिवशी दोघींनी मला बाजार दाखवायला नेलं. चार मजली इमारत, आत खुराड्यांसारखे गाळे. प्रत्येक गाळ्यातून बाया आरोळ्या देत होत्या, बाही धरून ओढत होत्या. भाषा येत नसेल तर अडत नाही. विकणारीण कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तुमच्यापुढे धरते, तुम्ही तो पुसून आपला आकडा दाबायचा आणि परत द्यायचा. मुलीला माझ्यासाठी हातमोजे घ्यायचे होते. तिनं हातमोज्यांकडे बघितलंच नाही, शेजारच्या टोपीचा भाव विचारला. मग सहज आठवल्यासारखं करून हातमोजे. आकडा दाबला आणि गप्प. विकणारणीनं छाती बडवून घेतली, पोरंबाळं उपाशी मरतील असं काहीतरी म्हणाली असावी. पोरगी वळली आणि चालू लागली. माझ्या मनात आपोआप मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन, चार, पाच. हाक आली.

"सी?" ती हातमोजे नाचवत म्हणाली. "मावशीची ट्रिक!"

"अस्सं?" मी म्हटलं. "मीही बघते जरा."

भाव करून आठ वर्षं झाली असतील म्हणा, नाही, पाच. पण पोहणं कोणी विसरतं का? एक करड्या रंगाची शाल मी हेरली होती, म्हणून मी लाल शालीचा भाव विचारला. करडीचे तीनशे ऐंशी म्हणाली. मी तीस दाबले. ती किंचाळली. मी शाल उजेडात धरली, काठाला सुटलेला एक धागा तिच्या नाकासमोर नेला, आणि गप्प. दोनशे. गप्प. एकशे वीस. मी चालू लागले. पाठीत अगदी वीज खेळत होती हो. मागे माझी मुलगी बघत होती, आणि मला माहीत होतं ती बघतेय. सहाव्या पावलाला हाक आली. नव्वद! मी परत आले, पर्स उघडली, आणि मुलीकडे बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "आई! वॉव!"

तेवढ्यात त्या बाईनं पुढे होऊन शालीचं टोक दोन बोटांत चुरगाळलं. गिरणीत हयात गेलेली. तिनं नुसतं एक वाक्य टाकलं, आवाजही न चढवता. विकणारीण ओशाळी हसली आणि पन्नासवर आली. झालं! माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. "शी इज द बेस्ट!" शाल माझ्याकडे अजून आहे. मी ती आजवर एकदाही घातलेली नाही.

तरी हे परवडलं. परवडलं नाही ते पुढचं. निघायच्या आदल्या सकाळी घराजवळच्या भाजीबाजारात गेलो, तिघी. थंडी मी म्हणत होती, तोंडातून वाफा निघत होत्या. मुळे, कोबी, पालकासारखं काहीतरी, सगळं जमिनीवर मांडलेलं, आणि मातीचा तो वास. इतक्या वर्षांत मला असा वास आला नव्हता. मला एकदम बरं वाटलं. त्या बाईनं कोबी घेतला, मुळे घेतले, पैसे दिले. आणि माझी वीस वर्षांची मुलगी एक पाऊल पुढे झाली, हातमोजा काढला, तळहात पसरला आणि चिनीत काहीतरी लाडानं बोलली. भाजीवाली हसली. तिनं दोन कांद्याच्या पाती आणि वर मूठभर कोथिंबीर तिच्या हातावर ठेवली.

मुलगी माझ्याकडे वळली. चेहरा नुसता उजळलेला. "आई, बघ! फ्री! भाजी घेतली की वर मागायचं. मावशीनं शिकवलं मला!"

हा तळहात माझा होता हो. मी पसरायला शिकवलेला. तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, आणि त्या जागी ती बाई जाऊन बसली होती. "तुला मीच शिकवलं होतं," असं मी म्हणू शकले असते. पण असं सांगून मिळवायचं, यात काय अर्थ? मला ते भिकेसारखं वाटलं. मी कोथिंबीर हुंगून बघितली आणि "छान आहे" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाताना टॅक्सीत विषयाला तोंड फुटलंच. ती बाई पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर माझ्यासाठी घेतलेली लाल खजुरांची पिशवी. मागे आम्ही दोघी.

"वीस डिसेंबरचं तुझं तिकीट आहे," मी म्हटलं.

"मी चेंज करणारे. जून. आई, माझं चायनीज आत्ता कुठे चांगलं व्हायला लागलंय. इट्स नॉट अबाउट हर."

"तिच्याबद्दलच आहे. तिचा मुलगा तिच्याकडे फिरकत नाही, म्हणून तिनं माझी पोरगी धरून ठेवलीये."

बोलून गेले. जीभ चावली, पण निघालेला शब्द काय परत येतो? मुलगी खिडकीबाहेर बघत बसली. पुढे त्या बाईला शब्द कळले नसतील, सूर कळला. तिनं मान खाली घातली आणि पिशवीची गाठ सोडून परत बांधली.

विमानतळावर आत जायच्या दारापाशी पोचलो. पुढे फक्त प्रवाशांना सोडत होते. मी बॅग उचलली. म्हटलं, "शेवटचं विचारते. डिसेंबरात येतेस की नाही?"

"जून," ती म्हणाली.

मग मी जे करते तेच केलं. पाठ फिरवली आणि चालू लागले. हाक येणार याची मला खात्री होती. आजवर कोणी मला जाऊ दिलं नव्हतं, आणि ही तर पोटची पोर. एक. दोन. तीन. पाय मुद्दाम हळू टाकत होते. चार. पाच. लोकांच्या चाकांच्या बॅगा खडखडत होत्या, त्यात ऐकू आलं नाही तर, म्हणून मी कान मागे लावून चालले होते. सहा. सात.

आठ झालं.

मी वळून बघितलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. तर काय, पोरगी माझ्याकडे पाठ करून बाहेरच्या दाराकडे चालली होती! पाठ ताठ, मान सरळ, पाऊल हळू. अगदी मी शिकवली तशी. ती बाई तिची बाही ओढत होती, मागे माझ्याकडे बोट दाखवत होती, आणि ही वळायला तयार नाही. ती मोजत होती. मला ते तिच्या पाठीवरून कळलं. दोघीही गिऱ्हाईकं, आणि दुकानात कोणीच नाही!

ती दारापाशी पोचत आली होती. सातव्या पावलानंतर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं, हेही मीच तिला शिकवलं होतं.

मी हाक मारली. चारशे माणसांत, सगळं अवसान गळून, भाजीवालीसारखी आरोळी ठोकली. "थांब गं! जून तर जून! घे!"

ती वळली. पळत आली. रडत होती, हसतही होती. "रिअली? आई, रिअली?"

"हो. पण भाव तू म्हणशील तो झाला," मी म्हटलं. "आता वर काय देतेस?"

तिला कळलं नाही. म्हणून मी बॅग खाली ठेवली, तळहात पसरला, आणि पाच वर्षांच्या पोरीचा आवाज काढून म्हटलं, "मावशी, वर थोडी कोथिंबीर?"

तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. मग म्हणाली, मराठीत, सगळंच्या सगळं मराठीत, "ते मी म्हणायचे. पिशवी निळी होती. तू माझं तोंड दाबायचीस."

"रोज," मी म्हटलं.

"आणि सात पावलं! आई, ती तुझी आहेत!"

ती बाई खजुरांची पिशवी घेऊन धापा टाकत येऊन उभी राहिली होती. मुलगी तिच्याकडे वळली आणि चिनीत भराभरा सांगायला लागली. माझ्याकडे बोट, स्वतःच्या तळहाताकडे बोट, मग हवेत सात बोटं. या वेळी मला भाषांतराची गरज पडली नाही. ती बाई ऐकत होती, मान डोलवत होती, हसतही होती. पण ऐकता ऐकता तिचं तोंड हळूहळू उतरलं. ते तोंड मी लगेच ओळखलं. ऑगस्टपासून मी तेच घेऊन फिरत होते.

तिनं खजुरांची पिशवी माझ्या हातात दिली. मला तिची कीव यायला हवी होती, आणि पुढे कधीतरी आलीही. पण त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी लेकीच्या गालावरून हात फिरवला, बॅग उचलली, आणि मागे वळून न बघता आत गेले.